ऑनलाइन फायटिंग गेममध्ये आपलं कॅरेक्टर कसं निवडावं

"भाऊ, सगळ्यात भारी कोणतं?" गावात कुणी नवा गेमपॅड घेतला की पहिला प्रश्न हाच. आणि त्याला सगळीकडे एकच उत्तर मिळतं: टियर लिस्ट (कॅरेक्टरांची ताकदीनुसार लावलेली यादी) बघ, सगळ्यात वरचं नाव उचल. हा सल्ला ऐकला की माझं डोकं उठतं. अशी यादी बनवणाऱ्यांना प्रत्येक वार फ्रेमच्या (सेकंदाच्या साठाव्या भागाच्या) हिशोबानं पाठ असतो. त्यांच्या पातळीवर दोन कॅरेक्टरमधला बारीक फरक मॅच फिरवतो. आपल्या पातळीवर मॅच फिरते ती उडी मारून अंगावर येणाऱ्याला पाडता आलं की नाही, यावर.

हांगझोऊच्या आशियाई खेळांत (नावात 2022, झाले 2023 मध्ये) स्ट्रीट फायटर 5 ला पहिल्यांदा पदक होतं. सुवर्ण जिंकलं दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी, वयाच्या 44 व्या वर्षी. त्यांचं कॅरेक्टर होतं व्हेगा, मुखवटा आणि पंजावाला. याद्यांमध्ये वरच्या रांगेत बसणारं ते नाव नव्हतं. पण हात त्यावर वर्षानुवर्षं बसलेला होता. शिवाय यादी टिकतही नाही. मे 2024 मध्ये स्ट्रीट फायटर 6 मध्ये अकुमा हे नवं कॅरेक्टर आलं, आणि त्याच अपडेटमध्ये जुन्या सगळ्यांच्या वारांत फेरफार झाले. यादी बघून कॅरेक्टर घेतलं असेल तर दर मोठ्या अपडेटनंतर पुन्हा शून्यापासून सुरुवात.

खाली उदाहरणं स्ट्रीट फायटर 6 ची देतो, कारण सध्या तोच जास्त खेळला जातो आमच्याकडे. टेक्केन 8 ला पद्धत हीच, नावं फक्त वेगळी.

आधी तीन नावं काढा

फार विचार करू नका. ढोबळ तीन जाती असतात. अंगावर धावून जाणारे: केन, कॅमी, किम्बर्ली. लांबून मारणारे: गाइल, जेपी, धालसिम. आणि जवळ जाऊन उचलून आपटणारे: झँगिफ, मॅनॉन. प्रत्येक जातीतून दिसायला आवडलेलं एक घ्या. दिसणं महत्त्वाचं आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पुढचे कित्येक महिने तोच चेहरा बघायचा आहे.

एक सूचना मात्र आत्ताच. धालसिम भारतातला म्हणून आपल्याकडची निम्मी पोट्टी पहिल्यांदा त्यालाच उचलतात. लांब हातपाय ताणून मारतो, मजा येते. पण ते हात परत आखडायला वेळ लागतो आणि ताणलेल्या हातावरही मार बसतो. चालतो हळू, उडी तरंगत पडते. प्रत्येक वाराचं अंतर डोळ्यात बसल्याशिवाय तो कामाचा नाही. पहिलं कॅरेक्टर म्हणून धालसिम घेऊ नका. प्रेम असेल तर दुसरं म्हणून घ्या.

घाबरल्यावर हात काय करतो, ते बघा

खरी निवड इथं होते आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात. मलाही सगळ्यात जड गेली ती हीच, कारण यात गेम बघायचा नसून स्वतःला बघायचं असतं.

शांत डोक्यानं ट्रेनिंग मोडमध्ये कोणतंही कॅरेक्टर चांगलंच वाटतं. समोरचा बाहुला मार खात उभा असतो, आपण कॉम्बो (एकामागून एक जोडलेले वार) लावतो, वाटतं हेच आपलं. बैलबाजारात दात बघून, पाठीवर हात फिरवून सौदा होत नाही, जुंपून चालवून बघावं लागतं. तसंच इथं. कोपऱ्यात अडकलात, रक्ताची पट्टी शेवटच्या टोकाला आली, आणि समोरचा थांबायला तयार नाही, अशा वेळी हात आपोआप जे करतो तोच तुमचा खरा स्वभाव. कॅरेक्टर त्या स्वभावाला जुळलं पाहिजे.

म्हणून हे करा. रियू घ्या. तो सरळ आहे, त्याच्याकडे सगळं थोडं थोडं आहे, आणि फुकटच्या डेमोमध्ये ल्यूकसोबत तोच मिळतो. पूर्ण गेम असेल तर त्याच्यासोबत दहा मॅच ऑनलाइन खेळा. जिंकणं-हरणं सोडून द्या. मग हरलेल्या मॅचचे रिप्ले उघडा. कोणती बटणं दाबली ती पडद्यावर दिसतील अशी सेटिंग रिप्लेमध्येच असते, ती चालू करा. पूर्ण मॅच बघू नका, कंटाळा येईल. फक्त एक क्षण पकडा: तुम्ही जमिनीवर पडलात आणि उठत आहात. त्या वेळी तुम्ही काय केलं, ते कागदावर लिहा. मारायला गेलात? मागे उडी? नुसतं ब्लॉक धरून (वार अडवत) बसलात? की समोरच्याला धरायला गेलात?

कागदावरच लिहा, डोक्यात ठेवू नका. डोकं खोटं सांगतं. माझा भाचा मला ठासून सांगत होता, "मामा, मी ब्लॉकच करतो ना उठताना, हा बटनच दाबू देत नाही मले." रिप्ले लावला. पहिल्यांदा पडला, उठता उठता जोराची लाथ. दुसऱ्यांदा पडला, तीच लाथ. लाथ निघायच्या आधीच समोरच्याचा छोटा ठोसा बसत होता, आणि पोरगं पुन्हा जमिनीवर. "तूच दाबून राहिला बे सारखा, थांब ना जरासा," म्हटल्यावर तो स्क्रीनकडे बघतच राहिला. त्याला झँगिफ घ्यायचा होता. झँगिफला लागतो थांबणारा माणूस, चार वार सोसून पाचव्याला पकडणारा. हे पोरगं थांबणारं नव्हतं, आणि त्यात वाईट काही नाही.

आता त्या कागदावरून निवड अशी करा.

उठताना तुम्ही मारताच, हात राहवत नाही, असं निघालं तर केन, ल्यूक किंवा कॅमीकडे जा. त्यांच्याकडे खालून वर जाणारा जो वार आहे, त्याची ड्राइव्ह पट्टी (खास वारांसाठीच्या ताकदीची पट्टी) खर्चून मारायची ताकदवान आवृत्ती सुरुवातीला मार लागूच देत नाही. सहा खणांतले दोन खण जातात, पण तुमची घाई तिथं कामाला येते. समोरच्यानं ब्लॉक केला तर मात्र तुम्ही हवेत उघडे पडता आणि मोठा मार खाता. म्हणून दर वेळी तोच मारायचा नाही, चारातून एकदा.

मागे उडी मारत असाल किंवा सारखं मागचं बटण दाबून धरत असाल, तर गाइल तुमच्यासाठीच आहे. त्याचा सॉनिक बूम (लांब जाणारा गोळा) निघायलाच मागे दाबून ठेवावं लागतं आणि मग पुढे. बाकीच्यांकडे भित्रेपणा ठरणारी सवय त्याच्याकडे दारूगोळा भरायचं काम करते. लोक सांगतात, गाइल कठीण. मागे सरकणाऱ्या माणसाला तो कठीण जात नाही.

नुसतं ब्लॉक धरून शांत बसत असाल, तर झँगिफ किंवा मारिसा. मारिसा हळू आहे, पण तिचा एकेक वार इतका जड की संधी कमी मिळाल्या तरी चालतात. आणि समोरच्याला धरायला जात असाल, तर मॅनॉन बघा. तिची ठरावीक पकड बसली की तिला एक पदक मिळतं आणि पुढच्या वेळी तीच पकड जास्त मार देते.

कागदावर सगळंच थोडं थोडं निघालं, तर रियूच ठेवा. रियू ठेवणं म्हणजे निवड न करणं, असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

एक ठाम मत: सवय बदलून कॅरेक्टरला बसवू नका. "वाईट सवय आहे, सोड" असं सांगणारे पुष्कळ भेटतील. सवय सुटेल तेव्हा सुटेल, त्याला वर्ष लागतं. तोवर रोज हरत बसून किती जण गेमच सोडून देतात, ते मी बघितलं आहे.

मग नेटवर तपासा

पुण्यातल्या फायबरवर बसलेल्या माणसाचा सल्ला दिग्रस-आर्णीकडच्या गावात तसाच चालत नाही. आपल्याकडे मोबाइलच्या टॉवरवर खेळ. संध्याकाळी जेवणाच्या वेळेला सगळं गाव फोनवर असतं, तेव्हा पिंग (सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात) वरखाली उड्या मारतो. निवड करायच्या मॅच त्या वेळेला खेळूच नका, पहाटे किंवा रात्री उशिरा खेळा. हॉटस्पॉटऐवजी फोन केबलनं कॉम्प्युटरला जोडून नेट घ्या, उड्या कमी होतात. आणि उन्हाळ्यात कूलर सुरू झाला की व्होल्टेज पडून राउटर बंद-चालू होतो, तो वेगळ्या लाइनवर ठेवा.

आता कॅरेक्टरशी याचा काय संबंध? इथं बरेच जण चुकीचं सांगतात: "लॅग (नेटमुळे होणारा उशीर) असेल तर कॉम्बोवालं घेऊ नको." नव्या गेममध्ये रोलबॅक असतं. म्हणजे तुमचं मशीन समोरच्याच्या बटणाचा अंदाज बांधून खेळ पुढे नेतं, आणि खरं बटण उशिरा पोचलं की थोडं मागे जाऊन दुरुस्ती करतं. तुमची स्वतःची बटणं जवळजवळ वेळेवरच लागतात. त्यामुळे ट्रेनिंगमध्ये बसलेला कॉम्बो मॅचमध्येही बहुतेक वेळा बसतो. बिघडतं ते बघून उत्तर देणं.

हिशोब असा. गेम सेकंदाला 60 फ्रेमनं चालतो. ड्राइव्ह इम्पॅक्ट हा मोठा वार 26 फ्रेममध्ये लागतो, म्हणजे साधारण 0.43 सेकंदात. डोळ्यानं बघून बोट हलायला माणसाला पाव सेकंद, म्हणजे 15 फ्रेम लागतात. उरल्या 11. पिंग 150 असेल तर समोरच्याचं बटण तुमच्यापर्यंत पोचायलाच चार-पाच फ्रेम जातात, म्हणजे वाराची सुरुवात तुम्हाला दिसतच नाही. घरच्या जुन्या टीव्हीवर खेळत असाल तर तो आणखी काही फ्रेम खातो. टीव्हीला गेम मोड असेल तर चालू करा.

म्हणून नेट कायमचं खराब असेल, तर बघून उत्तर देण्यावर ज्याचा सगळा डाव उभा आहे असं कॅरेक्टर जड जातं. लांबून गोळे मारून, उडी आली की पाडायची, हा गाइलचा डाव त्यातलाच. कागदावर गाइल निघाला असेल आणि पिंग नेहमी शंभराच्या वर असेल, तर त्याच्यासोबत चार-पाच रात्री खेळून बघा. उड्या सारख्या सुटत असतील तर ल्यूककडे या. ल्यूककडेही गोळा आहे, आणि जवळ आलेल्याला झोडपायची सोयही.

नेट अगदीच हाताबाहेर असेल तर शेजारच्या पोराला घरी बोलवा आणि एका मशीनवर दोन पॅड लावा. लाहोरच्या अर्सलान अॅशनं 2019 मध्ये जपान आणि लास व्हेगास दोन्हीकडची टेक्केन 7 ची इव्हो स्पर्धा जिंकली. तो तयार झाला तो लाहोरच्या गेमच्या दुकानांत समोरासमोर बसून खेळणाऱ्यांतून. समोरासमोरच्या खेळात लॅगचं कारण उरत नाही. हात जुळला की नाही, ते एका दुपारी कळतं.

बटणं

मॉडर्न कंट्रोल घ्या. एका बटणात खास वार निघतो, त्याबदल्यात त्या वाराचा मार 20 टक्के कमी होतो आणि काही साधे वार मिळत नाहीत. मोठी माणसं नाक मुरडतात, मुरडू द्या. झँगिफची गोल फिरवायची पकड स्वस्त पॅडच्या घासलेल्या काडीवर निघत नसेल, तर त्यात तुमच्या कौशल्याचा दोष नाही.

फोनवर खेळणारे

ब्रॉलहालामध्ये प्रत्येक योद्ध्याकडे दोनच हत्यारं असतात आणि ताकद, चपळाई, बचाव, वेग या चारींची बेरीज सगळ्यांची 22 च येते. तिथं चेहरा बघू नका. आधी हत्यार ठरवा, मग ते हत्यार असलेला कुणीही चालतो. दर आठवड्याला काही योद्धे फुकट उघडतात, त्यांच्यावर हात फिरवून घ्या. शॅडो फाइट अरेनामध्ये तिघांची टीम लागते, पण शिकायचा एकच. बाकी दोघांना घाई करू नका.

ठरलं की किती दिवस, आणि बदलायचं कधी

निदान दोन महिने. मध्ये मन भटकेल, कुणीतरी वाईट हरवेल आणि त्याचंच कॅरेक्टर भारी वाटायला लागेल. तेव्हा त्या कॅरेक्टरला ट्रेनिंगमध्ये घेऊन तुम्हाला ज्या वारानं हरवलं तोच वार मारून बघा, त्यातली फट सापडते. विकतचं नवं कॅरेक्टर या काळात अजिबात घेऊ नका.

दोन महिन्यांनी पुन्हा रिप्ले उघडा आणि तोच उठतानाचा क्षण बघा. मार खाताय, पण उत्तर काय द्यायचं ते कळतंय आणि बोट उशिरा पोचतंय, असं असेल तर कॅरेक्टर बरोबर आहे, तेच ठेवा. उत्तर वेळेवर देताय, बोटही बरोबर पडतंय, आणि तरी त्या कॅरेक्टरकडे त्या जागी द्यायला काहीच नाही, असं पुन्हा पुन्हा दिसलं तरच बदला. स्ट्रीट फायटर 6 मध्ये रँक प्रत्येक कॅरेक्टरची वेगळी असते. नवं घेतलं तरी जुन्याची रँक जिथं होती तिथंच राहते, त्यामुळे परत यायचं झालं तर नुकसान काही होत नाही.