बेडका हवा, थुंकी नको

आशा सेविका म्हणून घरोघर फिरताना मी दारात ‘टीबी’ हा शब्द आधी काढतच नाही. तो ऐकला की दार लागतं. ‘मावशी, खोकला किती दिवसांचा?’ इथून सुरुवात. २ आठवडे झाले असतील तर पुढचं: संध्याकाळी ताप, रात्री घाम, बेडक्यात रक्त? वजन कुणालाच माहीत नसतं. ब्लाउज सैल झालाय का, पट्ट्याला नवं भोक पाडलंय का, ते विचारा. बिडीवाले ‘हा नेहमीचाच खोकला’ म्हणतात, त्यांना सोडू नका. मधुमेहवाल्यांनाही नाही.

खरी मेहनत बेडक्याच्या नमुन्याच्या डबीची. नमुने दोन: एक तिथल्या तिथे, दुसरा सकाळी उठल्याउठल्या. आधी साध्या पाण्याने चूळ. मग अंगणात, माणसांपासून लांब. वारा तुमच्या पाठीवर हवा. दोनदा खोल श्वास, तिसऱ्यांदा छातीतून जोरात खोकायला सांगा. फेसाळ, पाण्यासारखं आलं तर ती थुंकी, पुन्हा प्रयत्न. घट्ट, पिवळसर बेडका हवा, २-३ मिली तरी. नाव डबीच्या अंगावर लिहा. पहिल्या वर्षी मी झाकणांवर लिहिलं, प्रयोगशाळेत चार झाकणं एकदम उघडली गेली, आणि मी चारही घरी पुन्हा हात जोडत गेले.

डबी त्याच दिवशी पोचवा, उन्हात डिकीत ठेवू नका. सरकारी केंद्रात तपासणी, औषधं मोफत. निदान झालं तर निक्षय पोषण योजनेचे, म्हणजे रुग्णाच्या आहारासाठी सरकार देतं ते, महिना १००० रुपये थेट खात्यात. तेव्हा पासबुक शोधून ठेवायला सांगा. आणि घरातल्या लहान पोरांना तपासायला घेऊन या.