उबंटूवर ड्रायव्हर बसवायचाय? आधी चिप ओळखा

विंडोजवरून आलेला माणूस सवयीने आधी कंपनीच्या साइटवर ड्रायव्हर शोधायला जातो. उबंटूसारख्या लिनक्सवर तसं करू नका. इथे बहुतेक ड्रायव्हर कर्नेलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच असतात. इंटेल आणि एएमडीचं ग्राफिक्स, आवाज, टचपॅड, वेबकॅम यांना सहसा हातही लावावा लागत नाही. घोडं अडतं ते काही वाय-फाय कार्डं, एनव्हिडिया आणि थोडे प्रिंटर यांच्यापाशी.

कंट्रोल, ऑल्ट आणि टी दाबून टर्मिनल उघडा. स्मॉल अक्षरांत ‘एलएसपीसीआय’, मग स्पेस, डॅश आणि ‘एनएनके’ असं टाइप करा. ज्या भागाखाली ‘कर्नेल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ दिसते, त्याला ड्रायव्हर लागलेला आहे. दोष दुसरीकडे शोधा. वाय-फायच्या नोंदीखाली ही ओळ नसेल, तर शेवटच्या चौकटी कंसातला क्रमांक टिपून घ्या. १४ई४ ने सुरू होत असेल तर चिप ब्रॉडकॉमची, १०ईसी असेल तर रियलटेकची. यूएसबीला लावलेल्या वस्तूंसाठी ‘एलएसयूएसबी’.

वाय-फायच चालत नसेल तर नेट कुठून आणायचं? अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि सेटिंग्जमधून यूएसबी टेदरिंग चालू करा. यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वाय-फायवर असेल तर मोबाइल डेटाही खर्च होत नाही.

आता ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ उघडून ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’वर जा. एनव्हिडियासाठी यादीत बरेच पर्याय दिसतील. नावात ‘सर्व्हर’ असलेले सोडून द्या. ‘ओपन’वाले जीटीएक्स १६ किंवा आरटीएक्स २० आणि त्यानंतरच्या कार्डांनाच चालतात; त्याहून जुन्या कार्डाला ते घातले तर ड्रायव्हर लागणारच नाही.

नवख्यांची बरीच फसगत सिक्युअर बूटपाशी होते, म्हणजे ओळखीची सही नसलेला कोड चालू न देणाऱ्या सोयीपाशी. ब्रॉडकॉमसारखा ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर कंपाइल होतो, म्हणजे कोडपासून तयार होतो, आणि त्याच्या सहीची किल्ली मशीनला ओळखीची नसते. म्हणून बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्ट केल्यावर निळा स्क्रीन येतो आणि तो जेमतेम दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात कुठलंही बटण दाबा, मग ‘एनरोल मोक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’, तोच पासवर्ड आणि शेवटी ‘रीबूट’. हा स्क्रीन हुकला तर ड्रायव्हर बसलेला दिसतो, पण लोडच होत नाही, आणि माणूस उगाच तोच ड्रायव्हर काढून घालत बसतो.

एनव्हिडियामुळे स्क्रीन काळा राहिला तर ग्रबच्या, म्हणजे मशीन चालू होताना उबंटू सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या, मेन्यूत ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी स्पेस देऊन ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल फक्त त्या एका वेळेपुरता असतो. आत शिरून ड्रायव्हर बदलून घ्या.

वाय-फायचं काहीच जमलं नाही तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून यूएसबी वाय-फाय घ्या, पण ब्रँड बघून नको, चिप विचारून. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या व्हर्जनमध्ये चिप वेगळी असू शकते. मीडियाटेक एमटी७६१२यू असेल तर डोळे झाकून घ्या, तिचा ड्रायव्हर कर्नेलमध्येच आहे. खोक्यावर ‘लिनक्स सपोर्ट’ छापलंय एवढ्यावर जाऊ नका. बऱ्याचदा तो ड्रायव्हर जुन्या कर्नेलसाठी लिहिलेला असतो.

झेरॉक्सच्या दुकानांत अजून दिसणारा एचपी लेझरजेट १०२० जोडल्यावर यादीत दिसतो, पण छापत नाही. त्याच्यात स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, साठवलेलं नसतं, दर वेळी चालू केल्यावर ते कॉम्प्युटरकडून यावं लागतं. टर्मिनलमध्ये ‘एचपी-प्लगइन’ चालवा, प्लगइन उतरवू द्या आणि प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा.

कर्नेल अपडेटनंतर चालू असलेलं वाय-फाय गेलं, तर ग्रबमधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचं कर्नेल निवडा. त्यावर नेट आलं की नव्या कर्नेलचं ‘लिनक्स-हेडर्स’ पॅकेज घाला. हेडर्स नसतील तर नव्या कर्नेलसाठी ड्रायव्हर कंपाइलच होत नाही.