शांत पर्शियन मांजर अचानक चावायला लागलं तर काय करावं

आमचा बंडू पांढरा पर्शियन बोका. चार वर्षांत त्यानं कुणाला साधं नख लावलं नव्हतं. मग एका उन्हाळ्यात उचलायला गेलं की तो फिसकारायला लागला आणि एके दिवशी माझ्या मनगटाला कडकडून चावला. 'लाडावलाय, डोक्यावर बसलाय' असं म्हणत आम्ही दोन महिने काढले. एका रात्री तो झोपलेला असताना आईचा हात त्याच्या पुढच्या पायाखाली, बगलेत गेला आणि तिथं वाटाण्याएवढी घट्ट गाठ लागली. ती केसांची जटा होती. शोधल्यावर अशा आणखी तीन सापडल्या. पाय पुढे टाकला की जटा कातडी ओढायची आणि आम्ही उचलताना नेमकी तिथंच बोटं घालायचो. डॉक्टरांनी मशीननं जटा काढल्या, तेव्हा खालची कातडी लालभडक झालेली दिसली. दोन महिने तो जिवाच्या आकांतानं सांगत होता आणि आम्ही त्यालाच रागावत होतो.

पर्शियन ही मांजरांच्या सगळ्यात शांत जातींपैकी एक. त्यामुळे या मांजरानं दात लावले तर आधी दुखणं शोधायचं, मग भीती. सवयीचा विचार सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं आहेत.

१. त्या क्षणी बाजूला व्हा

मांजर अंगावर आलं तर ओरडू नका, नाकावर टिचकी मारू नका, पाण्याचा फवारा मारू नका, मानेला धरून उचलू नका. घाबरलेल्या मांजराला यातून एकच कळतं, की माणसाचा हात धोक्याचा आहे. हात दातांत सापडला असेल तर झटक्यानं ओढू नका, त्यानं जखम फाटते. हात ढिला सोडून क्षणभर स्थिर ठेवा, पकड सैल होते. मग मध्ये उशी धरून सावकाश खोलीबाहेर या आणि दार लावून घ्या. आत पाणी आणि लिटर ट्रे (मांजराच्या शी-शूचा ट्रे) असू द्या. काही मांजरं अर्ध्या तासात शांत होतात, काहींना रात्र लागते. समजूत काढायला जाऊ नका.

२. आठवडाभर वहीत लिहा

किती वाजता झालं, कुठल्या खोलीत, त्याआधी काय चाललं होतं, हात नेमका कुठं लागला होता, एवढंच लिहायचं. सात-आठ नोंदी झाल्या की बहुतेक वेळा चित्र दिसायला लागतं. दर वेळी कमरेला हात लागल्यावरच चावत असेल तर तिथं काहीतरी दुखतंय. संध्याकाळी खिडकीत बसून उठल्यावर चावत असेल तर कारण बाहेर आहे. चालताना पायावर झडप घालत असेल तर तो बहुधा खेळ आहे.

इशारे ओळखणं पर्शियनच्या बाबतीत जरा अवघड जातं. चेहरा चपटा, कान बारके आणि खाली बसलेले, त्यावर केसांचं जंगल. दुसऱ्या मांजराचे कान मागे पडलेले लगेच दिसतात, इथं दिसत नाहीत. म्हणून शेपटीचं टोक बघा. ते जमिनीवर आपटायला लागलं, पाठीची कातडी थरथरली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, की हात काढून घ्या. आणि घुरघुरतंय म्हणजे खूशच आहे असं धरून चालू नका. दुखत असतानाही मांजरं घुरघुरतात.

३. वही घेऊन डॉक्टरांकडे जा

नुसतं 'चावतो हो' म्हणू नका. दात आणि हिरड्या, कान, सांधे, कातडी, सगळं तपासायला सांगा. चपट्या जबड्यात दात दाटीवाटीनं येतात, त्यामुळे दातांची दुखणी या जातीत नेहमीची. पावसाळ्यात दमट हवेत दाट केसांखाली गजकर्णासारखा बुरशीचा संसर्ग होतो. तो घरातल्या माणसांनाही लागतो.

मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्या, असं मी आग्रहानं सांगेन. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार पर्शियनमध्ये बराच आढळतो. जन्मापासून असला तरी त्याची लक्षणं बहुधा सातव्या वर्षाच्या आसपास दिसतात: पाणी जास्त पिणं, लघवी वाढणं, वजन उतरणं, अंगाला हात लावू न देणं. दहा वर्षांच्या पुढचं मांजर एकाएकी चिडकं झालं तर थायरॉईडही तपासा.

घरातली वेदनाशामक गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांसाठी मिळणारं परमेथ्रिनचं गोचीड-पिसवांचं औषधही मांजराला विष आहे. आणि लस न दिलेलं, बाहेर फिरणारं मांजर काही कारण नसताना अंगावर धावत असेल, लाळ गाळत असेल, चालताना लडखडत असेल, तर त्याला हात न लावता खोलीत बंद करा आणि डॉक्टरांना फोन करा. तो रेबीज असू शकतो.

४. जटा सोडवा, मग कंगव्याशी पुन्हा ओळख करून द्या

यावर मी जास्त बोलणार आहे, कारण पर्शियन पाळणाऱ्या घरांत चावण्याचं मूळ मी इथंच सगळ्यात जास्त वेळा पाहिलंय. सतराव्या शतकात इराणच्या खोरासानातून लांब केसांची मांजरं युरोपात गेली. पुढे तिथल्या पैदासकारांनी केस आणखी लांब आणि नाक आणखी चपटं करत नेलं. आज हे केस नुसत्या जिभेनं निस्तरणं त्या जिवाच्या आवाक्यातलं राहिलेलं नाही.

बोटांनी रोज सहा जागा चाचपा: दोन्ही बगला, जांघा, कानामागे, गळ्याखाली, पोट, शेपटीखाली. जटा हरभऱ्याएवढी आणि सैल असेल तर घरी सुटते. तिच्या मुळाशी, कातडीलगत, दोन बोटांनी केस घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीपर्यंत पोचत नाही. चिमूटभर कॉर्नफ्लॉर चोळा आणि टोकाकडून बोटांनीच थोडे थोडे केस मोकळे करा. कंगवा शेवटी. जटा कातडीला चिकटलेली असेल तर थांबा आणि डॉक्टरांकडून मशीननं काढून घ्या. कात्री अजिबात नको. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, जटा वर ओढली की तिच्याबरोबर तंबूसारखी वर येते आणि कात्रीत सापडते. जटा असताना अंघोळही घालू नका, भिजल्यावर ती आणखी आवळते.

जटा गेल्या तरी भीती लगेच जात नाही. बंडू कंगवा दिसला की सोफ्याखाली जायचा. आम्ही पहिले चार दिवस स्टीलचा कंगवा नुसता चटईवर ठेवला आणि शेजारी मीठ, कांदा, लसूण काही न घातलेल्या उकडलेल्या चिकनचा कण. मग कंगव्याच्या पाठीनं गालाला स्पर्श आणि एक कण. मग पाठीवरून दोनदाच कंगवा फिरवायचा आणि थांबायचं. त्यानं 'पुरे' म्हणायच्या आधी आपण थांबायचं, ही यातली खरी किल्ली आहे. बगलेपर्यंत पोचायला पाच आठवडे लागले. आता रोज दहा मिनिटं तो बसतो, आणि अकराव्या मिनिटाला उठून गेला तर आम्ही अडवत नाही.

५. कुरवाळताना विचारा

बोट पुढे करा. मांजरानं गाल घासला तर हनुवटीखाली, कानाच्या बुडाशी खाजवा. तीन सेकंदांनी हात थांबवा. त्यानं डोकं पुन्हा पुढे केलं तर चालू ठेवा, नाहीतर सोडा. पोटाला हात नको, ते कितीही मऊ दिसलं तरी. घरातल्या मुलांनाही हे शिकवा, कारण 'टेडीसारखं' म्हणून सगळ्यात जास्त आवळलं जातं ते पर्शियनच.

६. बाहेरचा बोका, घरातलं दुसरं मांजर

आपल्या मांजराला सोसायटीतला भटका बोका खिडकीबाहेर दिसला, पण त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. मग तो राग जवळच्या माणसाच्या पोटरीवर निघतो. खिडकीच्या खालच्या काचेला अपारदर्शक कागद चिकटवा आणि त्या खिडकीखाली भटक्यांना खाऊ घालू नका. मांजर बाहेर टक लावून बसलंय, शेपटी फुगलीय, तेव्हा मागून हात लावू नका. नसबंदी झाली नसेल तर करून घ्या, बोक्यांची भांडणं त्यानं बरीच कमी होतात. घरात दोन मांजरं असतील तर लिटर ट्रे तीन ठेवा आणि वाट्या एकमेकांच्या नजरेआड.

७. पिल्लू असेल तर

आपल्याकडे सर्रास दीड महिन्याची पिल्लं विकतात. फिनलंडमध्ये ५,७०० हून अधिक मांजरांच्या पाहणीत, आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांत आक्रमकता जास्त आढळली. ही पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू आई-भावंडांकडूनच शिकतं. बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत पिल्लू आणू नका. हातानं कधीच खेळवू नका. काठीला बांधलेलं पीस दिवसातून दोन-तीनदा दहा-दहा मिनिटं नाचवा, शेवटी ते पकडू द्या आणि मग जेवायला घाला. चपट्या नाकामुळे पर्शियनला पटकन धाप लागते, दुपारच्या उन्हात खेळवू नका.

८. चावलंच तर

साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट असलं काही भरू नका. मांजराचे सुळे सुईसारखे असतात, वरचं भोक मिटतं आणि जंतू आत राहतात. बारा-चोवीस तासांत हात टम्म सुजू शकतो, म्हणून जखम बारीक दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीजची आणि धनुर्वाताची लस लागेल का, ते डॉक्टर ठरवतील. जाताना मांजराचं लसीकरणाचं कार्ड सोबत न्या.