लिनक्ससाठी छोटा, हलका लॅपटॉप: पैसे मोजण्याआधी काय तपासायचं

दुकानात नवाकोरा, सडपातळ आणि स्वस्त लॅपटॉप दिसला की हात आपोआप खिशाकडे जातो. लिनक्ससाठी, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमसाठी, तो घेऊ नका. त्या किमतीत बहुतेक वेळा सेलेरॉन हा कमी ताकदीचा प्रोसेसर, बोर्डवरच सोल्डर केलेली ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीचं ईएमएमसी (बोर्डवरच बसवलेलं, मंद) स्टोरेज मिळतं. यातलं काहीही नंतर बदलता येत नाही. ब्राउझरचे दहा टॅब उघडले की मशीन बसलंच.

त्यापेक्षा कंपन्यांनी वापरून काढलेला साडेबारा किंवा तेरा इंची बिझनेस लॅपटॉप बघा. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचे सातव्या पिढीपर्यंतचे जवळपास सगळेच प्रोसेसर चालत नाहीत. म्हणून ऑफिसांतली धडधाकट मशीन बाहेर पडतायत. लिनक्सला त्या अटीशी देणंघेणं नाही.

थिंकपॅड एक्स २७० हे यातलं सगळ्यात सोयीचं. वजन साधारण १.३ किलो, रॅमचा एक स्लॉट, शिवाय दोन बॅटऱ्या: एक आत, एक मागे. मशीन चालू असतानाच मागची काढून दुसरी लावता येते. जत-आटपाडीकडे किंवा माण-खटावात दुपारभर लाइट गेली तरी काम थांबत नाही. स्लॉट एकच असल्यामुळे ४ जीबीवर आणखी ४ जोडू म्हणता येणार नाही, थेट ८ किंवा १६ जीबीची एकच पट्टी घ्यावी लागते. एचपी एलिटबुक ८२० जी३ आणि ८३० जी५ यांना दोन स्लॉट आहेत. एक्स २८० दिसायला एक्स २७० चाच धाकटा भाऊ, पण त्याची रॅम सोल्डर केलेली. ८ जीबीचा मिळाला तर ८ जीबीवरच आयुष्य काढायचं. पैसे थोडे जास्त असतील तर आठव्या पिढीचा आय५ घ्या. त्यात दोनाऐवजी चार कोअर मिळतात आणि कोड कंपाइल करणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो.

३२-बिटची जुनी नेटबुकं फुकट मिळाली तरी नकोत. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराच्या १३ व्या आवृत्तीने तर ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणंच बंद केलंय. एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्डही छोट्या मशीनमध्ये नको, बॅटरी खातं आणि ड्रायव्हरची कटकट मागे लावतं. उलट टोकाला, बाराव्या पिढीपासूनच्या काही महागड्या मॉडेलांत एमआयपीआय जोडणीचा (यूएसबीऐवजी थेट प्रोसेसरला जोडलेला) कॅमेरा असतो आणि तो लिनक्सवर सहजासहजी चालत नाही. ऑनलाइन मुलाखत द्यायची असेल तर हे आधीच तपासा.

आता खरं काम. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट हा लिनक्सचा सोपा प्रकार टाकून घ्या. बलेना एचर हे सॉफ्टवेअर विंडोजवरून ते काम करून देतं. दुकानात जाऊन लेनोव्हो किंवा डेल असेल तर एफ१२, एचपी असेल तर एफ९ दाबून पेनड्राइव्हवरून बूट करा. हार्डडिस्कला हात लागत नाही, त्यामुळे दुकानदाराने नाही म्हणायचं कारण नाही. तरीही म्हणत असेल तर दुसरं दुकान बघा.

सगळ्यात आधी वाय-फाय. इंटेलचं कार्ड असेल तर काही न करता नेटवर्कची यादी दिसते. ब्रॉडकॉम असेल तर बऱ्याचदा वेगळा ड्रायव्हर लागतो, आणि तो डाउनलोड करायला नेट लागतं. मग झाकण बंद करून पाच मिनिटांनी उघडा. स्क्रीन आणि वाय-फाय दोन्ही परत आले पाहिजेत. आवाज, माइक, ब्राइटनेसची बटणं, प्रत्येक यूएसबी पोर्ट आणि कीबोर्डचं एकेक बटण दाबून बघा. फिंगरप्रिंट चालेल या भरवशावर घेऊ नका.

बॅटरीसाठी पॉवर स्टॅटिस्टिक्स उघडा. पूर्ण चार्जची ऊर्जा आणि मूळ डिझाइनची ऊर्जा असे दोन आकडे दिसतात. ४८ वॉट-तासांची बॅटरी ३० वर आली असेल आणि साध्या कामाला ७ वॉट जात असतील, तर चार तास धरा. विक्रेता सहा म्हणाला तरी चारच.

बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन बघा. सुपरवायझर पासवर्ड मागितला तर मशीन परत करा. थिंकपॅडमध्ये तो बॅटरी काढून जात नाही. तिथला सिरीयल नंबर खालच्या स्टिकरशी जुळतोय ना तेही पाहा आणि तोच बिलावर लिहून घ्या.

सांगलीत जुनं मशीन घेताना आणखी एक गोष्ट आवर्जून करा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णेचं पाणी घरा-दुकानांत शिरलं होतं. पाण्यात गेलेलं मशीन बाहेरून पुसून चकाचक करता येतं, आतून नाही. खालचं झाकण उघडायला लावा आणि टॉर्च मारून स्क्रूची डोकी, रॅम स्लॉटचे पिन आणि यूएसबी पोर्टच्या आत बघा. पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी पूड दिसली की विषय संपला. आज चालू असेल, पण गंज आतून तांब्याचे ट्रॅक खात राहतो.

चार्जरवर पैसे वाचवू नका. डेलच्या गोल पिनच्या लॅपटॉपला लोकल चार्जर लावला आणि त्याला तो ओळखता आला नाही, तर बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम हळू चालतो. लोक मग लिनक्सला शिव्या घालतात. एक्स २७० टाइप-सीवरून चार्ज होतो, पण त्याला २० व्होल्ट देणारा किमान ४५ वॉटचा पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर लागतो. फोनचा फास्ट चार्जर बहुधा चालत नाही.

घरी इन्स्टॉल करताना डेलमध्ये डिस्कच दिसली नाही तर घाबरू नका. बायोसमध्ये साटा ऑपरेशन (डिस्क कशी जोडायची याची सेटिंग) 'रेड ऑन' असतं, ते 'एएचसीआय' करा. मात्र सोबत विंडोजही ठेवायचं असेल तर ते बदलल्यावर विंडोज सुरू होणार नाही, आधी त्याची तयारी करावी लागते.

स्क्रीनचं शेवटी सांगतोय, पण मराठी वाचणाऱ्याला ते महत्त्वाचं. साडेबारा इंचावर १३६६ बाय ७६८ म्हणजे इंचाला साधारण १२५ पिक्सेल. 'ष्ट्र', 'द्ध्य' अशी जोडाक्षरं लहान आकारात गिचमिड दिसतात. फुल एचडीत तीच १७६ होतात आणि अक्षर सुबक उमटतं, फक्त सेटिंगमध्ये फॉन्टचं स्केलिंग १.२५ करा, नाहीतर डोळे ताणावे लागतील. कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी जोडून घेतलं की टायपिंगसाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.