१०२२ वजा १३: सायकॉलॉजीत ताण शिकायला येणाऱ्या पोरापोरींसाठी

पीयूसीचा (आमच्या कर्नाटकातली अकरावी-बारावी) रिझल्ट लागला की मला गावाकडनं फोन यायला सुरुवात होते. ताई, पोरीला सायकॉलॉजी घ्यायचंय म्हणाल्या, स्कोप हाय काय? परवा एका मामांनी तर विचारलं, माणसाच्या मनातलं ओळखायला शिकवतात तेच नव्हं ते? दरवेळी तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदा लिहूनच टाकते. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. सातवीपर्यंत गावातली मराठी शाळा, हायस्कूलपण मराठी मीडियम, आणि एसएसएलसी (दहावी) झाल्यावर पीयूसीला एकदम इंग्लिश. मग बीए, एमए सायकॉलॉजी, आता एका कॉलेजात गेस्ट लेक्चरर. पगारपण गेस्टसारखाच, आला तर आला.

आधी सीबीटीचं सांगते. पहिल्या वर्षाला सरांनी विचारलं सीबीटी कुणी ऐकलंय का, मी झटक्यात हात वर केला आणि म्हटलं, हो सर, रोज तिथंच उतरते. बेळगावात सीबीटी म्हणजे बसस्टँड, सेंट्रल बस टर्मिनस, दुसरं काय असणार? सरांना कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी अपेक्षित होती, विचार आणि वागणं बदलून करायचा मानसोपचार. वर्ग आठवडाभर हसत होता. तर हे असं आपलं स्टार्टिंग असतं, त्याची लाज वाटून घेऊ नका.

आता मुद्द्याचं. बीएच्या शेवटच्या वर्षी मॅडमनी वर्गात एक प्रयोग करून दाखवायचं ठरवलं, कोण येणार म्हटल्यावर मागच्या बाकावरच्यांनी मला ढकललं. समोर तिघं जण पांढरे कोट घालून (केमिस्ट्री लॅबमधनं मागून आणलेले), चेहरा दगडासारखा, कुणी मान हलवंना की हसंना. आधी पाच मिनिटं बोल, समज नोकरीचा इंटरव्ह्यू आहे. ते कसंबसं झालं. मग म्हणाले, १०२२ मधनं १३ वजा करत जा, मोठ्यानं, इंग्लिशमध्ये, चुकलीस की परत १०२२ पासून. वन थाउजंड नाईन. नाईन नाईन्टी सिक्स. पुढचं डोक्यात अगदी बरोबर आलं होतं, नऊशे त्र्याऐंशी, आणि तोंडातनं गेलं नाईन थर्टी एट. चूक, परत १०२२. परत तिथंच अडकले. तीनदा. हात गार पडलेले, मॅडमनी नाडी मोजली तर ११८.

घरी जाताना बसमध्ये कळलं काय झालं ते. त्र्याऐंशी म्हणताना तीन आधी येतो आणि ऐंशी मागनं. इंग्लिशमध्ये उलटं. एरवी ही उलटापालट आपण न कळत करतो, पण तीन दगडी चेहरे समोर असले की नेमकी तीच राहून जाते. माझ्यानंतर कन्नड मीडियमची मैत्रीण उभी राहिली, ती मनात कन्नडमध्ये मोजत होती, एंबत्तमूरु, ऐंशी आधी आणि तीन मागनं, सरळ इंग्लिशसारखं. तीपण चुकली, पण हातचा घ्यायला विसरून चुकली, आकडे उलटे करून नाही. मला या विषयाची गोडी लागली ती इथनं.

या प्रयोगाला ट्रियर सोशल स्ट्रेस टेस्ट म्हणतात, जर्मनीतल्या ट्रियर विद्यापीठात किर्शबाउम आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बसवलेला. मुद्दाम ताण आणून मोजायचा झाला तर आजही जगभर हाच वापरतात, आणि तो १०२२ वजा १३ चा आकडापण तिथलाच. वर्गात करून बघायचा असला तर आधी परवानगी घ्या आणि झाल्यावर समोरच्याला सगळं खरं सांगून टाका, ते कोटवाले तुला नावं ठेवत नव्हते, त्यांना तसंच बसायला सांगितलं होतं म्हणून. आमच्या मॅडमनी ते सांगायला दुसरा दिवस उजाडवला, रात्रभर मला झोप नाही.

शरीरात काय होतं हे पुस्तकात आकृती काढून दिलेलं असतं आणि सगळे ते पाठ करतात, पण मी वेळेच्या हिशोबानं लक्षात ठेवलं. काही सेकंदात अ‍ॅड्रिनलिन हे हार्मोन सुटतं, छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, अमेरिकन शास्त्रज्ञ कॅननने १९१५ मध्ये लढा किंवा पळा म्हणून वर्णन केलेलं ते हेच. ताणाचं दुसरं हार्मोन कॉर्टिसॉल, त्याचं काम सावकाश. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसनं पिट्युटरी ग्रंथीला सांगायचं, पिट्युटरीनं रक्तातनं निरोप धाडायचा, मग मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींनी ते बनवायचं, त्यामुळं शिखर गाठायला वीस-तीस मिनिटं जातात. म्हणजे व्हायव्हा (तोंडी परीक्षा) आटपून तुम्ही कँटिनमध्ये वडा खात बसलेले असता तेव्हा ते सगळ्यात वर असतं. व्हायव्हात सांगायला हे उदाहरण चांगलं आहे, बाहेरनं आलेले परीक्षकपण हसतात.

आणि हे कॉर्टिसॉल काय विष नव्हे. सकाळी उठल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात ते आपोआप वाढतं. नव्या पोरांची एक ठरलेली चूक म्हणजे स्ट्रेस म्हणजे वाईट, कॉर्टिसॉल म्हणजे वाईट असं लिहून मोकळं व्हायचं. दुसरी चूक येर्क्स-डॉडसनच्या नियमाची. ती उलट्या वाटीसारखी आकृती सगळ्या पुस्तकांत असते, ताण थोडा बरा, जास्त झाला की वाईट. पण १९०८ चा मूळ प्रयोग उंदरांवरचा आणि विजेच्या झटक्यांचा होता, आणि काम सोपं होतं तेव्हा झटका वाढवेल तसे उंदीर लवकरच शिकले, वाटीबिटी काही नाही. वाटी दिसली ती काम अवघड केल्यावर. एवढं एक वाक्य लिहिलं तरी तुमचा पेपर चारचौघांपेक्षा वेगळा दिसतो.

आता ब्लँक होण्याबद्दल, कारण त्यासाठीच जास्त फोन येतात. ताई, सगळं पाठ होतं, पेपर हातात आला आन काय आठवंना. २००० साली डी कर्व्हेन आणि सहकाऱ्यांनी धडधाकट माणसांना शब्दांची यादी पाठ करायला लावली, दुसऱ्या दिवशी परीक्षेआधी तासभर कॉर्टिसोनची (शरीरात जाऊन त्याचं कॉर्टिसॉल होतं) गोळी दिली, तर आठवणारे शब्द कमी झाले. तीच गोळी पाठ करायच्या वेळी दिली तर फरक पडला नाही. म्हणजे केलेला अभ्यास आत असतो, बाहेर यायची वाट अडते. आठवणींचं काम करणाऱ्या हिपोकॅम्पस या मेंदूच्या भागात हे हार्मोन धरून ठेवणाऱ्या जागा भरपूर असतात, हे मॅकइवेन यांनी १९६८ मध्येच उंदरांमध्ये दाखवलं होतं.

त्यात आपलं सीमाभागातलं दुखणं वेगळं. आपण प्रश्न इंग्लिशमध्ये वाचतो, मराठीत समजून घेतो, परत इंग्लिशमध्ये लिहितो, आणि शेजारी निरीक्षक कन्नडमध्ये काहीतरी ओरडत असतो तेपण कानावर येतं. बॅडली आणि हिच यांनी १९७४ मध्ये वर्किंग मेमरी म्हणून जे सांगितलं, तो मनातला कामाचा ओटा लहानच असतो, एका वेळी तीन-चार गोष्टी ठेवल्या की भरला. ताण आला की काळजीपण त्याच ओट्यावर येऊन बसते. भाषांतरानं अर्धा आधीच अडवलेला, मग उत्तराला जागा कुठली? मला वर्षानुवर्षं वाटायचं मी ढ आहे. ढबिढ काही नव्हते, ओट्यावर गर्दी होती.

यावर मी जे केलं ते सांगते. वाचत बसणं बंद केलं. वही मिटायची, कोरा कागद घ्यायचा, आठवेल तेवढं लिहायचं, मग उघडून बघायचं. २०१६ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक अभ्यास आला होता, त्यात नुसतं पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांची आठवण ताणाखाली घसरली, आणि असं आठवून आठवून शिकलेल्यांची टिकली. सुरुवातीला लई त्रास होतो, कागद कोराच राहतो, पोरं दोन दिवसात सोडून देतात. सोडू नका. दुसरं म्हणजे संज्ञा आधी मराठीत स्वतःला समजावून, मग ते वाक्य इंग्लिशमध्येच मोठ्यानं म्हणून म्हणून इतकं घासायचं की भाषांतर करावंच लागू नये. आणि कुणालातरी समोर बसवून. मी आज्जीला बसवायची. ती सूप घेऊन तांदूळ निवडत असायची, इंग्लिश कळायचं नाही त्यामुळं चेहरा आपोआप त्या कोटवाल्यांसारखा कोरा. मधेच मान वर न करता म्हणायची, आता अडकलीस बघ.

पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढली की मार्क वाढतात, असं २०११ च्या एका गाजलेल्या अभ्यासात होतं. मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत फिरले. मग २०१८ मध्ये अशा नावाजलेल्या २१ प्रयोगांची परत तपासणी झाली ती वाचली, त्यातले १३ टिकले आणि हा टिकला नाही. तोंड कुठं लपवू झालं. तुम्हाला लिहून बरं वाटत असलं तर लिहा, पण मी आता कुणाला गॅरंटी देत नाही.

तब्येतीचं एकच उदाहरण देते, मला फार आवडतं ते. १९९८ चा अमेरिकेतला अभ्यास, डेंटलचे फक्त ११ विद्यार्थी, टाळूवर छोटीशी एकसारखी जखम केली, एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. माणूस तोच, जखम तेवढीच, परीक्षेच्या वेळी भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले. अकराच जण होते हे विसरू नका, पण परीक्षा आली की तोंड येतं असं आमची आई म्हणायची त्याची मला आठवण झाली.

एमएला डिझर्टेशन असतं, म्हणजे स्वतः माहिती गोळा करून लिहायचा प्रबंध. मी निपाणीकडच्या विडी वळणाऱ्या बायका घेतल्या, कारण मावशी तिथंच दिलेली, राहायची सोय होती. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, कात्रीनं पान कापायचं, वळायचं, दोरा बांधायचा, बोलता बोलता, हात थांबत नाही. मजुरी हजार विड्यांमागं, आणि त्यातल्या किती खराब म्हणून बाजूला काढायच्या ते घेणारा ठरवणार. कॅरासेकचं १९७९ चं मॉडेल मी पुस्तकात वाचलं होतं, कामाचा रेटा मोठा आणि हातात अधिकार काहीच नाही तिथं ताण सगळ्यात वाईट. ते खरं समजलं त्या ओसरीवर बसून.

माझ्याकडं पर्सीव्हड स्ट्रेस स्केल होती, माणसाला ताण किती वाटतो ते मोजायची, दहा प्रश्नांची, गेल्या महिन्यात असं किती वेळा वाटलं, शून्य ते चार. पहिल्याच मावशीनं विचारलं, पोरी, चार म्हंजे लई वेळा की लई त्रास? मी गप्प. दुसरी म्हणाली, टेन्शन कसलं, टेन्शन घ्यायला येळ कुठं हाय. तिचा स्कोअर सगळ्यात कमी आला, आणि बीपी मात्र होतं. प्रश्नावली मराठीत आणली म्हणजे ती बायकांच्या बोलीत आली असं होत नाही, आधी पाच-सहा जणींवर करून बघा.

आणि त्यात माझा घोळ. या स्केलमध्ये ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न उलटे असतात, म्हणजे तिथं चार मिळाले की शून्य धरायचं. मी ते उलटवलंच नाही. साठ जणींचा डाटा, सगळा तक्ता तयार, गाईडनी एक नजर टाकून विचारलं, रिव्हर्स केलंस का गं? दोन रात्री बसून परत केलं. तेव्हा डाटा घ्यायच्या आधीच एक्सेलमध्ये त्या चार कॉलमना रंग देऊन ठेवा. आणि स्टॅटिस्टिक्सला घाबरून आर्ट्स घेतलं असेल तर आत्ताच सांगते, इथंही ते सुटत नाही.

निपाणीवरनं आठवलं. ताण हा विषयच ज्याच्या नावानं ओळखला जातो तो हान्स सेली, माँट्रियलमध्ये उंदरांना वेगवेगळे त्रास देऊन सगळ्यांत तेच ते बिघाड कसे होतात हे १९३६ मध्ये नेचरमध्ये छापणारा, त्याला पुढं तंबाखू कंपन्यांनी पैसा पुरवला होता, कंपन्यांची कागदपत्रं उघडी पडली तेव्हा ते कळलं. तंबाखूच्या ढिगाशेजारी बसून मी सेलीचे ताणाचे तीन टप्पे (आधी धोक्याची घंटा, मग तग धरणं, शेवटी थकून जाणं) पाठ करत होते.

स्कोपचं थोडक्यात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर नुसतं एमए पुरत नाही, आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) मान्यता असलेला कोर्स आणि तिथली नोंदणी लागते. बेंगळुरूचं निम्हान्स, मानसिक आजारांचं मोठं हॉस्पिटल आणि संस्था, सगळ्यांना माहीत असतं, तसंच धारवाडचं डिम्हान्स आपल्याला किती जवळ आहे हे माहीत नसतं, जाऊन या एकदा. एमबीबीएसनंतर सायकियाट्रीचं पुढचं शिक्षण घेऊन होतो तो सायकियाट्रिस्ट, औषध लिहिणार तो, आपण नाही, हे गावात शंभरदा सांगावं लागेल. आणि शिकता शिकता स्वतःलाच झेपंना झालं तर १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा सरकारी नंबर आहे, फुकट. मी एमएच्या दुसऱ्या वर्षाला कौन्सेलरकडं गेले होते, तेव्हा वर्गातलेच म्हणाले, तू जातीस? हो, मी जाते.

मागच्या महिन्यात मी तोच प्रयोग माझ्या वर्गात घेतला, कोट या वेळीपण केमिस्ट्रीचेच. खानापूरकडचीच एक पोरगी उठली. वन थाउजंड नाईन, नाईन नाईन्टी सिक्स, आणि मग थांबली. तिचे ओठ हलताना दिसत होते. मग म्हणाली नाईन थर्टी, आणि स्वतःच जीभ चावून, थांबा मॅडम थांबा, एटी, एटी थ्री. नियमाप्रमाणं परत १०२२ पासून म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, पुढं जा.