जुन्या लॅपटॉपवर बुद्धिबळाच्या इंजिनासाठी हलकी लिनक्स कशी निवडावी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तातला जुना लॅपटॉप घेतलाय आणि त्यावर स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं इंजिन (चाली शोधणारा प्रोग्राम) चालवायचंय? मग आधी एक गैरसमज काढून टाका: हलकी लिनक्स टाकल्याने इंजिन जास्त चांगलं खेळत नाही. वाचते ती रॅम. वेग ठरतो प्रोसेसरवर, आणि त्याला साजेशी इंजिनाची फाइल निवडली की नाही यावर.

रॅम २ जीबी किंवा कमी असेल तर अँटीएक्स ही हलकी लिनक्स टाका. ४ जीबी असेल तर लुबंटू किंवा मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. मशीन ३२ बिटचं असेल तर ही दोन्ही बाद. अँटीएक्स २३ चालेल, पण खाली सांगितलेल्या स्टॉकफिशच्या फाइली ६४ बिटच्याच आहेत, त्या तिथे चालणार नाहीत. विंडोजवरचं फ्रिट्झ (बुद्धिबळाचा प्रोग्राम) सुटत नसेल तर मात्र या भानगडीत पडू नका.

आयएसओ, म्हणजे लिनक्सची इन्स्टॉल फाइल, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. डिस्क पुसण्याआधी लाइव्ह मोडमध्ये (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवून) वायफाय लागतंय का ते बघा.

आता मुख्य काम. टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ टाइप करून फ्लॅग्ज, म्हणजे प्रोसेसरला कुठल्या आज्ञा कळतात त्याची यादी, वाचा. ‘एव्हीएक्स२’ दिसलं तर स्टॉकफिशच्या साइटवरून त्याच नावाची फाइल घ्या. नसेल, पण ‘एसएसई४_१’ आणि ‘पॉपसीएनटी’ असतील तर ‘एसएसई४१-पॉपसीएनटी’वाली. तेही नसतील तर साधी ‘एक्स८६-६४’. पिढीवरून अंदाज बांधू नका: चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हमध्ये एव्हीएक्स२ आहे, त्याच पिढीच्या पेंटियममध्ये नाही. चुकीची फाइल उघडताक्षणी ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून बंद पडते. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर फाइल पेनड्राइव्हवर असल्यास होम फोल्डरमध्ये आणा आणि प्रॉपर्टीजमध्ये ती चालवण्याची परवानगी द्या.

स्टॉकफिशला स्वतःचा पट नसतो, त्यासाठी स्किड व्हर्सेस पीसी हा प्रोग्राम घ्या. डावांचा डेटाबेसही त्यातच सांभाळता येतो. इंजिनाच्या सेटिंगमध्ये हॅश (इंजिन तपासलेल्या स्थिती लक्षात ठेवतं ती रॅम) मुळात फक्त १६ एमबी असतो, थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) १. रॅम ४ जीबी असेल तर हॅश १०२४ करा, थ्रेड खऱ्या कोअरइतके. हॅशचा लोभ नको: रॅम संपली की स्वॅप (रॅमऐवजी डिस्क वापरणं) सुरू होतो आणि सगळंच रांगायला लागतं. पाच मोहऱ्यांपर्यंतचे सिझिजी टेबलबेस (डावाच्या शेवटच्या स्थितींची तयार उत्तरं) साधारण १ जीबीत मावतात, ते जरूर ठेवा. सहाचे दीडशे जीबीच्या आसपास जातात, जुन्या डिस्कला ते झेपायचे नाहीत.

शेवटी विश्लेषण वीस मिनिटं सलग चालू ठेवा आणि सेकंदाला किती नोड्स (तपासलेल्या स्थिती) होतात तो आकडा सुरुवातीला नि शेवटी टिपा. मुंबईच्या मे महिन्यात तो बराच घसरला तर दोष लिनक्सचा नाही, प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतोय. पंख्यातली धूळ काढा, थर्मल पेस्ट बदलून घ्या. तरीही घसरतच असेल तर एक थ्रेड कमी करा.