डम्पिंगवर पहिली नोकरी धरताय? आधी तळ कुठे आहे ते विचारा

सिव्हिल किंवा एन्व्हायर्नमेंटल करून जुन्या कचऱ्याच्या कामात येऊ पाहणारी मुलं हल्ली बरीच भेटतात. साहजिक आहे. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय, आता तिथले सुमारे १८५ लाख टन उपसायचे आहेत. तिथलीच १२४ एकर जागा २०२४ मध्ये धारावी पुनर्विकासासाठी द्यायचं ठरलं. छोट्या नगरपरिषदांनाही आपापले ढीग संपवायचे आहेत. त्यामुळे काम मिळेल, ती काळजी नको. ट्रॉमेल (कचरा चाळणारी फिरती चाळणी) काय करतो, आरडीएफ (कचऱ्यातून वेगळं काढलेलं जळण) सिमेंट कारखान्यात का जातं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढचं लिहितेय.

ड्रोन सर्व्हेचा रंगीत नकाशा आणि त्याखालचा घनमीटरचा आकडा हातात आला की सगळे खूश होतात. पण ड्रोनला दिसतो फक्त ढिगाचा वरचा भाग. खालचा तळ कुठे, हे तो सांगत नाही. मग सर्व्हेवाले ढिगाच्या पायथ्याचे बिंदू जोडतात, एक सपाट पृष्ठभाग काढतात आणि त्यालाच तळ म्हणतात. कातळावरच्या डेपोत हे चालून जातं. खाडीकाठी नाही चालत. तिथे कचरा दलदलीत टाकलेला असतो, वर्षानुवर्षांच्या वजनाने तो खालच्या मऊ गाळात बसतो आणि तळाची परात होते. चार हेक्टरच्या जागेत सरासरी दोनच मीटर कचरा खाली असला, तरी ८० हजार घनमीटर हिशेबाबाहेर राहतो.

त्यावर घनतेचा घोळ. सर्व्हे घनमीटरमध्ये, बिल मात्र वजनकाट्यावरच्या टनांत. एक लाख घनमीटरला ०.८ घनता धरली तर ८० हजार टन, १.१ धरली तर १ लाख १० हजार. पावसाळ्यानंतर ओला कचरा चाळायला घेतला की काटा आणखी चढतो. माझ्या पहिल्या साइटवर टेंडरातले टन संपले, पायथ्याची लेव्हलही आली आणि पोकलेनच्या बकेटमध्ये काळ्या, निथळत्या पिशव्या येतच राहिल्या. बिल अडकलं. आकडा सल्लागाराचा होता, पण रोज सही माझी होती, त्यामुळे खुलासा मलाच मागितला गेला.

म्हणून काम सुरू व्हायच्या आधी बोअर मारून घ्या, नुसत्या कडेला नाही, ढिगाच्या मधोमधही. शिंपल्यांचे तुकडे असलेला करडा चिकण गाळ लागला की तळ आला असं समजतात, पण तिथेही लगेच थांबू नका. मध्ये कधीतरी पसरलेला राडारोडा आणि नाल्याचा गाळ हुबेहूब तसाच दिसतो. आणखी मीटरभर खाली जा. त्या गाळाचे नमुने लॅबला पाठवा, कारण लीचेट, म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी, तिथेच मुरलेलं असतं. घनतेसाठी मोजून एक खड्डा काढा आणि त्यातला सगळा माल काट्यावर घाला. एका दिवसाचं काम आहे, तरी त्याला फाटे फोडणारे भेटतातच.

सहा आठवड्यांच्या सर्टिफिकेट कोर्सवर माझा फारसा विश्वास नाही. पैसे असतील तर करा बापडे. मला तळ दाखवला तो कचरा वेचणाऱ्या एका मावशींनी. "पोरी, इथं तिवरं होती. भरतीचं पाणी पार त्या खांबापर्यंत यायचं," म्हणाल्या. पुढे मारलेल्या बोअरमध्ये सगळ्यात खोल कचरा त्या खांबाच्या अलीकडेच निघाला. मोठ्या पदावरच्या मेन्टॉरपेक्षा काटेवाला आणि ट्रॉमेलचा ऑपरेटर जास्त शिकवतात, फक्त त्यांच्याशी अरेतुरे करू नका.

घाबरवत नाही, पण गॅस मीटरशिवाय खड्ड्याजवळ जायचं नाही. हवेत मिथेन ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असला की ठिणगी पुरते. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाक बधिर होतं. वास यायचा थांबला म्हणून धोका टळला, असं समजणारा माणूस तिथेच कोसळतो. खड्ड्यात उतरायचं तर नाहीच, मऊ गाळात कडा ढासळतात.

तळाचा एवढा हट्ट का? कारण वरचा ढीग गेला की जागा मोकळी दिसते आणि मोकळी म्हणजे स्वच्छ असं कागदावर चढतं. मालाडच्या जुन्या डम्पिंगवर ऑफिसं उभी राहिल्यावर तिथले कॉम्प्युटर बंद पडू लागले होते, खालच्या कचऱ्यातून येणाऱ्या वायूंकडे बोट दाखवलं गेलं. ऑफिसवाल्यांना निदान मशीन बदलता येतात. २०१६ च्या घनकचरा नियमांत बंद केलेल्या लँडफिलवर वस्तीचा विचार पंधरा वर्षांच्या देखरेखीनंतरच, तेही वायू, लीचेट आणि जमिनीची स्थिरता तपासून, असं म्हटलं होतं. कचरा पूर्ण काढला तर गोष्ट वेगळी, असा युक्तिवाद होतो. पूर्ण काढला की नाही हे तुमचे बोअरच सांगणार.

शेजारच्या वस्तीतले लोक तुम्हाला गाठून विचारतील, "मॅडम, इथं घरं होणार का? आम्हाला मिळणार का?" पात्र-अपात्रतेची यादी आपल्या हातात नसते. हो म्हणू नका आणि चिडूही नका. धूर सोसलाय त्यांनी, ढीग गेल्यावर वेचायचं कामही त्यांचंच जाणार आहे.

पहिले दोन-तीन महिने वासाने जेवण जाणार नाही. नंतर जातं, खरंच. इंटरव्ह्यूमध्ये मात्र एवढं विचारा, "बेस लेव्हल कुणी ठरवली आणि बोअर किती मारले?" समोरचा गोंधळला तरी नोकरी सोडू नका. रुजू झाल्यावर बोअरची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या.